चंपतगढचा कोतवाल

अलीगंजात उन्हाळा आधी नाकाला कळतो. कूलरच्या जाळ्यांत नवी खस भरायची, मोटर सुरू करायची, आणि पहिलं पाणी त्या मुळांवरून झिरपलं की घरभर ओल्या मातीचा, देवघराचा आणि माठाच्या बुडाचा मिळून एकच वास पसरतो. आमच्या कराडकडे हिला वाळा म्हणतात. तिकडे वाळ्याची एक जुडी माठात सोडतात. इकडे लखनौत पोत्यानं आणून खिडकीत कोंबतात. मी एका संशोधन संस्थेत वर्षानुवर्षं मुळांवरच काम करते, पण प्रयोगशाळेतल्या कुठल्या मुळानं मला असं एका श्वासात मागे नेलेलं नाही. परवा खस बदलली आणि तो उन्हाळा सरळ घरात येऊन बसला. सुधीरच्या प्लास्टरचा उन्हाळा.

सुधीर म्हणजे माझा नवरा, रेल्वेत इंजिनिअर. रूळ, पूल, खडी, सगळं त्याच्या अखत्यारीत. आवाजही तसाच, मालगाडी जात असताना पलीकडच्या माणसाला ऐकू जावा असा. हा माणूस त्या वर्षी बाथरूममध्ये साबणावरून घसरला. पुलावरून नव्हे, ट्रॉलीवरून नव्हे, साबणावरून. पाय मोडल्यापेक्षा ह्याचंच त्याला जास्त दुःख होतं. कुणी फोनवर विचारलं, "सर, ये हुआ कैसे?" की तो म्हणायचा, "बस, काम के दौरान..." आणि खोकायचा.

सुरुवातीला ऑफिसचे फोन येत राहिले. मग कमी झाले, मग थांबले. रेल्वे आपल्याशिवाय चालते, ही बातमी त्याला तोंडावर कुणी सांगितली नाही. पण दुपारी दूरवरून इंजिनाचा भोंगा ऐकू आला की तो घड्याळाकडे बघायचा आणि म्हणायचा, "वेळेवर आहे." ते कौतुक होतं की तक्रार, मला कधी कळलं नाही.

मग हुकूम घरात सुटू लागले. भेंडी तिरकी काप. खिडकी अर्धी लाव. अर्धी म्हणजे अर्धी, ही पाऊण झाली. आंब्याची पेटी पंख्याखाली कुणी ठेवली? दुधवाल्या भैयाला त्यानं दूध मोजताना हात कसा धरायचा ते शिकवलं, तेव्हा भैयानं माझ्याकडे जी नजर टाकली ती एका पीडितानं दुसऱ्याकडे टाकलेली होती.

ईरा तेव्हा बारावीची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत होती. जन्म लखनौचा, त्यामुळे मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत. ती दिवसभर खोलीत बसून फोनवर भराभरा टाइप करायची, मध्येच एकटी हसायची. मला वाटलं, मुलगा असणार. खरं सांगायचं तर मला जरा बरंही वाटलं. एकदा लिंबाचं सरबत देण्याचं निमित्त करून विचारलंच.

"मम्मी, लड़का नहीं है," ती म्हणाली. "रियासत है."

रियासतीचं नाव चंपतगढ. ईरानं आणि तिच्या मैत्रिणींनी मिळून ती रचली होती, नुसती शब्दांत. एका ग्रुपवर ठिकठिकाणची माणसं जमायची आणि प्रत्येकजण कुणीतरी असायचा. एक शायर, एक हकीम, एक बेगम, बेगमचा बावर्ची. आपापल्या पात्राचं बोलणं, वागणं लिहायचं. दुसऱ्यानं त्यावर आपलं लिहायचं. असं करत करत शहर चालायचं. चित्रं नाहीत, गुण नाहीत, कुणी जिंकत नाही. "मग करता काय?" मी विचारलं. "रहते हैं," ईरा म्हणाली.

चंपतगढचा आधीचा कोतवाल कोचिंग क्लास लागल्यामुळे शहर सोडून गेला होता. त्यामुळे छब्बन नावाच्या चोरानं नुसता हैदोस घातला होता. आणि इकडे बाहेरच्या खोलीत, पाय स्टुलावर ठेवून, एक रिकामा अधिकारी पंख्याचा वेग योग्य आहे का यावर मत देत होता. ईरानं दाराच्या फटीतून त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. दोघींच्या मनात एकच विचार आला.

सुधीरनं आधी नाही म्हटलं, मग "बघू" म्हटलं, मग चष्मा मागितला. चंपतगढच्या कोतवालाचा पहिला हुकूम मला आजही पाठ आहे: "सर्वसंबंधित को सूचित किया जाता है कि रात्रि में चोरी करना वर्जित है. कृपया अनुपालन सुनिश्चित करें."

छब्बनचं उत्तर लगेच आलं: "जो हुक्म, हुजूर. दिन में कर लें?"

शहर हसलं. म्हणजे हसल्याचं प्रत्येकानं लिहिलं. बावर्चीच्या हातून तर हसता हसता पातेलं पडलं. सुधीरनं फोन उलटा ठेवला. "कोण आहे हा पोरगा? कुणाचा आहे?"

"बाबा, वो चोर है."

"ते दिसतंच आहे."

दुसऱ्या दिवशी छब्बननं भर दरबारात लिहिलं की कोतवालसाहेबांच्या मिशीला दही लागलंय. सुधीरचा हात आपसूक वरच्या ओठावर गेला. त्याला मिशी नाही. कधीच नव्हती. तरी तो संध्याकाळपर्यंत फुगून होता.

तेव्हा ईरानं त्याला कंसांचं शास्त्र समजावलं. कंसाबाहेर लिहिलं की ते कोतवाल बोलला. दुहेरी कंसात लिहिलं की ते बाबा बोलले. छब्बनला हवं ते बोलू दे, ते कोतवालाला. तुम्ही कशाला लागून घेता? आणि खरंच काही खटकलं, जेवायला उठायचं असलं, तर कंसात सांगा. मी म्हटलं, "मराठीत ह्यांना कंस म्हणतात." ईरानं वर पाहिलं. "कृष्णा वाले मामा?" मग बराच वेळ ती त्यावरच हसत राहिली आणि आमच्या घरात ते चिन्ह 'मामा' झालं. "बाबा, मामा लगाओ" असं ती बाहेरच्या खोलीकडे ओरडायची.

पण मामा लावायचा की नाही ह्यात सुधीरचा घोळ व्हायचा. एकदा दरबार भरलेला. बेगमचा पोपट चोरीला गेलेला. सगळं शहर कोतवालाच्या तोंडाकडे बघतंय. आणि कोतवालसाहेबांनी गंभीरपणे, कंस न लावता लिहिलं: "ईरा की माँ, चाय."

मग शायरानं लिहिलं, "यह ईरा की माँ कौन है, जिसका नाम कोतवाल मुसीबत में लेता है?" हकीमानं लिहिलं की त्यानं आजोबांकडून ऐकलंय, जुन्या किल्ल्यात राहते. छब्बननं कानाला हात लावून लिहिलं की चोरी करताना तो देवाला भीत नाही, पण ईरा की माँला भितो. त्या दिवसापासून चंपतगढात माझ्या नावानं शपथा घेतल्या जाऊ लागल्या. संस्थेत इतकी वर्षं काम करून मला जे नाव मिळालं नाही ते तिथं एका चहानं मिळालं. चहा मात्र मीच केला.

त्या दिवसांच्या दुपारी मला आठवतात त्या आवाजांनी. बाहेर लू, उन्हाळ्यातला तो भाजणारा वारा, रस्त्यावरचा पाचोळा ओढत न्यायची, तो आवाज कुणी कोरा कागद चुरगळत चालल्यासारखा. आत कूलरचा घुमा सूर. दशहरी आंबे बादलीत पाण्यात, एकमेकांना टेकून. आणि दोन खोल्यांतून टकटक, टकटक. बापलेक एकमेकांशी एरवी दिवसात चार वाक्यं बोलत नसत, त्यातली दोन गॅस सिलिंडरबद्दल असत. आता दोघं भिंतीच्या अलीकडे-पलीकडे बसून तासन्‌तास भांडत होते. पोपटावरून.

मोठं भांडण झालं ते अटकेवरून. सुधीरनं लिहिलं: "कोतवाल ने छब्बन को पकड़ लिया. छब्बन ने पैर पकड़कर माफी माँगी." ईरा खोलीतून तरातरा बाहेर आली.

"बाबा, ये नहीं चलेगा. छब्बन क्या करेगा, ये आप नहीं लिख सकते."

"अगं, मी कोतवाल आहे."

"तो हाथ बढ़ाओ. पकड़ने की कोशिश करो. पकड़ा गया कि नहीं, वो छब्बन लिखेगा."

"म्हणजे चोरानं ठरवायचं, तो सापडला की नाही?"

"हाँ."

"मग असल्या कोतवालीचा उपयोग काय?"

मी पुदिना निवडत होते. मनात आलं, ह्या माणसानं लग्नानंतर नेमकं हेच केलंय की. 'आपण दिवाळीला कराडला जाऊ आणि तुला आनंद होईल.' पुढचं वाक्य माझं होतं, तेही तोच लिहून मोकळा. आणि मीही काही साधी नाही. ईराच्या बाबतीत मी अशी किती वाक्यं पुरी केली असतील. त्या संध्याकाळी तिच्या ताटात भेंडी वाढताना मी पहिल्यांदा विचारलं, "हवी का?" ती म्हणाली, "नहीं." इतक्या वर्षांनी कळलं की तिला भेंडी आवडत नाही.

त्याच सुमारास छब्बननं कोतवालाला दुहेरी कंसात एक निरोप पाठवला. चोर म्हणून नाही, त्यामागचं माणूस म्हणून. "((एक बात कहनी थी, बुरा न मानिएगा. कोतवाल कम बोलता है. जो हर बात पर हुक्म दे, उसका हुक्म कोई गिनता नहीं.))"

सुधीर असा भडकला की प्लास्टरसकट उठायला निघाला. "कालचं पोरगं! मला शिकवतंय! माझ्या हाताखाली किती माणसं आहेत ह्याला माहीत आहे?" मी म्हटलं, "नाही ना. त्याला तू फक्त तुझ्या वाक्यांवरूनच माहीत आहेस." हे बोलल्यावर मी लगेच स्वयंपाकघरात गेले.

जेठ महिन्यातले मंगळवार अलीगंजात मोठे असतात, बडा मंगल. हनुमानाच्या मंदिराकडे माणसांची रीघ लागते आणि जवळपास प्रत्येक कोपऱ्यावर कुणी ना कुणी भंडारा मांडतं. पुरी, बटाट्याची रस्सा भाजी, बुंदी, सरबत. तळणीचा धूर लूमध्ये मिसळून थेट आमच्या दिवाणखान्यात. त्या पहिल्या मंगळवारी आमच्या कोपऱ्यावर मोठी रांग होती, म्हणजे रांग नव्हतीच, नुसता घोळका होता. सुधीरनं फाटकात खुर्ची टाकून घेतली आणि तिथून गर्जना सुरू केली: "लाइन में! लाइन में लगिए सब!" लोकांनी त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या पायाकडे पाहिलं, आणि एका सज्जन गृहस्थांनी आणून त्याच्या हातात पुरी ठेवली. आजारी माणूस भुकेनं ओरडतोय, असं त्यांना वाटलं.

पुढच्या मंगळवारी त्यानं खुर्ची रस्त्यापर्यंत न्यायला लावली. बसला. बोलला नाही. पाय समोर सरळ ताणलेला, हात मांडीवर, नजर लोकांवर. थोड्या वेळानं बघते तर रांग सुतासारखी सरळ. सुधीर विजयी मुद्रेनं आत आला. "बघितलंस? एक शब्द बोललो नाही." मी त्याला सांगितलं नाही की त्याच्या प्लास्टरनं अर्धा रस्ता अडला होता आणि उरलेल्या जागेतून एका वेळी एकच माणूस जाऊ शकत होता.

पण त्याचा विश्वास बसला. त्या दुपारी चंपतगढात बावर्ची आणि हकीम यांची जुंपली होती, खिचडीत औषध कुणी घातलं यावरून. पूर्वीचा सुधीर असता तर परिपत्रक निघालं असतं. आता त्यानं लिहिलं: "कोतवाल आया. तख्त के किनारे बैठ गया. पान खोला." बस. थोड्या वेळानं बावर्चीनं लिहिलं की त्याचा आवाज आपोआप खाली आला. हकीमानं नजर वळवली. छब्बन खिडकीबाहेर लटकलेला होता, त्यानं लिहिलं: "छब्बन को पहली बार इस आदमी से डर लगा."

सुधीरनं ते वाक्य मला वाचून दाखवलं. मग ईराला. मग परत मला.

आता पुढचं. तो शनिवार होता, मला सुट्टी होती. सकाळपासून झाडाचं पान हललं नव्हतं आणि मग एकदम लू सुटली, तव्यावरून येणाऱ्या वाफेसारखी. पोपटाच्या प्रकरणात छब्बन शेवटी आपणहून सापडला होता, आणि कोतवालीच्या कोठडीत बंद होता. दुपारी तो कोठडीतून लिहू लागला.

"हुजूर, दीवारें पिघल रही हैं. जबान तालू से चिपक गई है."

शायर म्हणाला, वाह. बेगमनं कंसात कौतुक केलं. छब्बन लिहीत राहिला. पंखा बंद पडलाय. डोक्यात कुणी घण घालतंय. ईरा म्हणाली, "मम्मी, सुनो ना, क्या लिखता है यार." मलाही वाटलं, पोरगा लेखक होणार.

मग आलं: "अब पसीना भी नही आता. ठंड लग रहि है."

सुधीर बादलीतला आंबा पिळत होता. त्याचा हात थांबला.

"हे खोटं नाहीये," तो म्हणाला.

"बाबा, ऐक्टिंग है."

"उन्हाळ्यात रुळावर काम करणारा माणूस मी थंडीनं कुडकुडताना पाहिलाय. घाम थांबतो, मग माणूस असंबद्ध बोलायला लागतो. आणि हे बघ." त्यानं फोन पुढे केला. "हा कधी एक वेलांटी चुकत नाही. ह्यानं माझ्या हुकमातलं शुद्धलेखन दुरुस्त केलंय."

त्यानं दुहेरी कंसात विचारलं: "((आप ठीक हैं? कहाँ हैं? घर में कौन है?))" उत्तर नाही. ईरानं कंसात विचारलं. उत्तर नाही. शायरानं कंसातच उलट लिहिलं, "((अंकल, सीन मत तोड़िए, इतना अच्छा चल रहा है.))" आणि छब्बननं कंसाबाहेर, तसंच वाहत्या आवाजात लिहिलं: "माँ घड़ा यही रख गई थी. घड़ा कहा गया."

ईराचा चेहरा उतरला. तिला आठवलं, ह्या माणसानं मागे एकदा कंसात लिहिलं होतं, चिनहटमध्ये लाइट गेली, बाकी नंतर. त्याहून जास्त कुणालाच काही माहीत नव्हतं. लखनौच्या कडेचं हे चिनहट केवढं, तिथं कुठल्या दारावर जाऊन चोराचा पत्ता विचारायचा? ती ग्रुपवरून छब्बनला फोन लावत होती, तिकडून कुणी उचलत नव्हतं.

सुधीरनं फोन दोन्ही हातांत धरला. मी त्याला इतका शांत कधी पाहिलेला नाही.

"मामा त्याला ऐकू येत नाहीयेत," तो म्हणाला. "तो आत आहे. आतच जायला हवं."

आणि त्यानं कंस न लावता लिहिलं: "कोतवाल ने कोठरी का ताला खोला. छब्बन. खड़े हो जाओ."

आम्ही तिघंही त्या छोट्या पडद्याकडे बघत होतो. कूलरचं पाणी टपटपत होतं.

"छब्बन खडा हुआ."

"दीवार पकड़ो. दरवाजे तक चलो."

"कौन सा दरवाजा हुजूर."

"बाहर का. कोतवाल साथ चल रहा है. कुंडी खोलो."

बराच वेळ काही नाही. ग्रुपवर आता कुणीच काही लिहीत नव्हतं. शायरसुद्धा. मग: "खोल दि."

"सामने वाले का दरवाजा पीटो. जो खोले, यह फोन उसके हाथ में दो. यह हुक्म है."

ईरानं माझा दंड इतका घट्ट धरला होता की नंतर वळ उठले. सुधीर ओठांतल्या ओठांत पुटपुटत होता, "चल, चल, अजून थोडं." मग एक संदेश आला, अगदी वेगळ्या माणसाचा: "हेलो आप कौन? मैं पड़ोस से. माथुर आंटी हमारे गेट पर गिर गई हैं."

"आंटी?" ईरा म्हणाली.

"आंटी?" सुधीर म्हणाला.

पण हा प्रश्न त्यानं तिथंच सोडला, फोन लावला, आणि मालगाडी ओलांडून जाणाऱ्या त्या आवाजात शेजारणीला सांगितलं: सावलीत आणा, ओली चादर गुंडाळा, पंखा नसेल तर पुठ्ठ्यानं वारा घाला, शुद्धीत नसतील तर तोंडात पाणी ओतू नका, आणि ताबडतोब हॉस्पिटल, आत्ता, कुणाचीही वाट न बघता. ह्या वेळी एकही 'कृपया' नव्हतं. शेजारणीनं सगळं केलं.

माथुर मॅडम वाचल्या. घरी आल्यावर आम्ही त्यांना भेटायला गेलो. सुधीर कुबड्या घेऊन पायऱ्या चढला, बरोबर दशहरीची पिशवी, वाटेत तो ईराला सारखा विचारत होता, "काय म्हणायचं त्यांना? छब्बन म्हणू?" ईरा वेगळ्याच विचारात होती. तिनं जुने निरोप पुन्हा वाचून काढले होते. चोर म्हणून छब्बन बिनधास्त 'आता हूँ, जाता हूँ' लिहायचा, पण कंसात मात्र कधीच नाही. तिथं नेहमी 'बाद में बात होगी', 'एक बात कहनी थी'. पुरुष की बाई, हे कळेल असं एक क्रियापदसुद्धा नव्हतं.

दार उघडलं ते एका बारीक चणीच्या, पांढऱ्या अंबाड्याच्या बाईंनी. चष्म्याला साखळी. त्या मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी सुधीरला कुबड्यांपासून टकलापर्यंत न्याहाळलं.

"तो आप हैं कोतवाल," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "बैठिए."

सुधीर बसला. तत्क्षणी, जवळ होत्या त्या वेताच्या मोड्यावर, कुबड्या हातातच. एवढ्या वर्षांत मी त्याला कुणी एकदा सांगितल्याबरोबर बसताना पाहिलेलं नव्हतं. सोफा रिकामा होता, पण उठून तिकडे बसायची त्याची हिंमत झाली नाही.

चहा ईरानं केला. थोड्या गप्पा झाल्यावर सुधीरनं धीर करून विचारलं, "मॅडम, आप तो प्रिंसिपल रहीं. फिर चोर क्यों?"

त्या हसल्या. "सारी उम्र यही हुआ कि मैं कमरे में आई और सब चुप हो गए. स्टाफ रूम में, शादी-ब्याह में. छब्बन आता है तो लोग बोलने लगते हैं." मग म्हणाल्या, "उस दिन आपके ब्रैकेट वाले सवाल मैंने पढ़े थे. दिखे थे मुझे. लगा, कोई किसी का हाल पूछ रहा है, बाद में जवाब दे दूँगी. फिर कोतवाल ने कहा, खड़े हो जाओ. मैं तो नहीं उठ पाती, साहब. छब्बन उठा."

सुधीरनं कपाकडे बघत राहून डोळ्यांची उघडझाप केली. आंब्याची पिशवी त्यानं अजून मांडीवरच धरली होती. ईरानं ती हळूच काढून घेतली.

परतताना गाडीत ईरा म्हणाली, "बाबा, ब्रैकेट में एक बात बोलूँ? मुझे इंजीनियरिंग नहीं करनी." मला वाटलं, आता भोंगा वाजणार. सुधीर खिडकीबाहेर बघत राहिला. फैजाबाद रोडच्या ट्रॅफिकवर उन्हाची झळ थरथरत होती. "मग काय करायचं आहे, ते तू लिही," तो म्हणाला. "मी नुसता हात पुढे करतो." आता ती पुण्यात इतिहास शिकते आणि फोनवर तिथल्या उन्हाळ्याला हसते.

माथुर मॅडम अजूनही चिनहटला एकट्याच राहतात. मुलगा बंगळुरूला बोलावतो. तिथं गेलं की मी नुसती दादी होईन, म्हणून जात नाहीत. सरळ 'तब्येत कशी आहे' विचारलं तर 'ठीक है' म्हणून विषय मिटवतात. म्हणून सुधीरनं चंपतगढात एक नवा कायदा काढला आहे: लू वाहते आहे तोवर शहरातल्या प्रत्येक नामांकित चोरानं भर दुपारी कोतवालीत हजेरी लावायची. नामांकित चोर एकच आहे.

आज सुट्टी, सुधीर घरी. ताटं मांडली, वरण गरम केलं, तो फोन समोर ठेवून नुसता बसून. बाहेर लू फाटक हलवत होती. मी म्हटलं, "वाढू?" तो म्हणाला, "थांब." वरणावर साय धरली. मी पुन्हा विचारलं नाही. मीही फोनकडेच बघत होते.

मग फोन वाजला.

"छब्बन हाजिर है, हुजूर. आज की चोरी: कोतवाल साहब का चैन. माल वापस भेज रहा हूँ."

सुधीरनं फोन बाजूला सारला, ताट पुढे ओढलं. "वाढ," तो म्हणाला.